‘मून’ बघून झाल्यावर: सोलापूरच्या एका गच्चीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गल्लीत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एका मित्राच्या गच्चीवर पांढरा पडदा बांधून पिक्चर दाखवतात. तिकीट नाही, मध्यंतरात चहा आहे. डंकन जोन्स या दिग्दर्शकाचा २००९ सालचा ‘मून’ आम्ही आतापर्यंत तीनदा लावला. तिन्ही वेळा पिक्चर ९७ मिनिटांत संपला आणि त्यावरची वादावादी दोन तास चालली. गेल्या खेपेला तर खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी काठीनं छत ठोकलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, म्हणून ‘सर, तुम्हीच सांगा’ हे दरवेळी माझ्या गळ्यात पडतं. तीच उत्तरं किती वेळा द्यायची, म्हणून एकदाची लिहून काढली. गोष्ट पुढे पार फोडली आहे. ज्यांनी बघितला नाही त्यांनी आधी बघून यावं, नंतर मला शिव्या घालू नयेत.

मला मध्येच डुलकी लागली. गोष्ट नेमकी काय आहे?

सॅम बेल नावाचा माणूस चंद्रावर एकटा नोकरी करतो. करार तीन वर्षांचा. लूनार इंडस्ट्रीज नावाची कंपनी चंद्राच्या मातीतून हेलियम-३ काढते. चार अजस्र यंत्रं माती खरवडत फिरतात. ती भरली की सॅमनं गाडी घेऊन जायचं, टाकी काढायची आणि पृथ्वीकडे धाडायची. सोबतीला गर्टी नावाचा यंत्रमानव. पृथ्वीशी थेट बोलणं बंद पडलेलं. बायको टेस आणि लहानगी ईव्ह यांचे रेकॉर्ड केलेले निरोप तेवढे येतात.

घरी जायला दोन आठवडे राहिले असताना सॅमची गाडी एका यंत्रावर आदळते. पुढच्या दृश्यात तो उपचाराच्या खोलीत शुद्धीवर येतो. निदान आपल्याला तसं वाटतं. शुद्धीवर आलेला सॅम दुसराच असतो. त्याला बाहेर जायची बंदी घालतात, म्हणून तो काहीतरी खोटी सबब काढून बाहेर पडतो, अपघात झालेली गाडी शोधतो, आणि तिच्यात त्याला तो स्वतःच सापडतो, अजून धुगधुगी असलेला. मग हळूहळू उलगडतं: दोघेही क्लोन आहेत. तळाखाली त्यांच्यासारखे आणखी शेकडो निजवून ठेवलेत. तीन वर्षं भरली की ‘घरी’ जायच्या पेटीत झोपवायचं आणि तिथेच जाळून टाकायचं, हा कंपनीचा शिरस्ता. ज्याच्यापासून हे सगळे काढले तो सॅम बेल पृथ्वीवर केव्हाच परत गेलाय.

काय बे, एवढा हळू का हाय हा पिक्चर?

कारण एकटा माणूस आहे. बोलायला कोणी नाही, तर तो लाकडातून गावाची प्रतिकृती कोरतो, झाडांशी बोलतो, व्यायाम करतो. पहिली वीस मिनिटं धीर धरा. तिथे दाखवलेलं सगळं नंतर वसूल होतं. आणि पाणीपुरीच्या गाडीवर पंधरा मिनिटं उभं राहायला आपण कधी कुरकुरत नाही.

दोघांतला खरा सॅम कोणता?

हा प्रश्न तिन्ही वेळा सगळ्यात आधी आला, आणि मला वाटतं तो चुकीच्या टोकाकडून विचारला जातो. सोलापुरात तरी तो सोपा पडायला हवा.

जॅकार्डचा माग बघितलाय ना? वर पत्त्यांची माळ फिरत असते, पत्त्यांना भोकं असतात. भोक आहे तिथला उभा धागा उचलायचा, नाही तिथला खाली ठेवायचा. सगळी नक्षी त्या भोकांत. १८०४ साली फ्रान्समध्ये जॅकार्डनं ही युक्ती पक्की केली, पुढे बॅबेजनं आपल्या गणकयंत्रासाठी पत्त्यांची कल्पना तिथूनच उचलली, आणि आपल्या गावात तिच्यावर मोर उमटले. आता एकाच पत्त्यांवर दोन चादरी विणल्या. एक मुलगी पुण्याला वसतिगृहात घेऊन गेली, दुसरी आईच्या ट्रंकेत राहिली. तीन वर्षांनी दोन्ही समोर ठेवा आणि विचारा, खरी कोणती? दुकानदार हसेल तुम्हाला. पत्ते एक, चादरी दोन, दोन्ही खऱ्या.

पिक्चरमध्ये हे फार बारकाईनं दाखवलंय. जुना सॅम तीन वर्षं एकटा राहिलेला आहे. मऊ झालाय, हळवा झालाय. नवा सॅम म्हणजे पृथ्वीवरून निघाला तेव्हाचा तिरसट माणूस, ज्याच्या डोक्याला बायको कंटाळली होती. दोघं टेबल टेनिस खेळतात तेव्हा बघा. जुन्याला खेळता येतं, कारण त्यानं तीन वर्षं दुसरं केलंच काय? नव्याचा चेंडू नुसता इकडेतिकडे. शरीर एक, नाव एक, बायकोची आठवणही एक. तरी हाताला वळण कष्टानंच लागतं. मला विचाराल तर सगळ्या पिक्चरमधलं सगळ्यात हुशार दृश्य ते आहे. त्यात विज्ञान अजिबात नाही.

आणि ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो त्या सॅमचा चेहरा आपल्याला दिसतच नाही. जुना सॅम पृथ्वीवर फोन लावतो, पंधरा वर्षांची ईव्ह उचलते, आई वारल्याचं सांगते, आणि मागून घरातल्या बापाचा आवाज येतो. तेवढाच. फोन लावणारा ताडकन बंद करतो आणि रडतो. तिसऱ्या खेपेला या जागी आमच्या गच्चीवर कोणी चहाचा कप खाली ठेवायलाही हललं नाही.

तुम्ही दरवेळी ‘हा बदली कामगाराचा पिक्चर आहे’ म्हणता. ते कसं?

नव्या पोरांना ‘बदली’ म्हणजे ट्रान्स्फर वाटते. मिलमध्ये बदली म्हणजे माणूस. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी लावायचा माणूस. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून या गावाचं घड्याळ भोंग्यावर चाललं, आणि प्रत्येक भोंग्याआधी गेटावर बदल्यांची रांग असायची.

माझे आजोबा अशा रांगेत काही वर्षं उभे राहिले. कुठली मिल ते सोडा. ते सांगायचे, पाळी भरायच्या आधी जॉबर, म्हणजे माणसं लावणारा मुकादम, बाहेर यायचा, रांगेवरून नजर फिरवायचा आणि बोट दाखवायचा: तू, तू, आणि तू. बाकीचे डबा घेऊन घरी. आत गेल्यावर ज्याच्या मागावर उभं राहायचं त्याच्याच नावानं हाक. आजोबा मराठे, पण मल्लय्याच्या मागावर लावले की दिवसभर ‘ए मल्लय्या’. पहिले काही दिवस ते वळून बघायचेच नाहीत. नंतर वळायला लागले. नंतर एकदा आजीनं घरी त्यांच्या नावानं हाक मारली तर त्यांनी ऐकलीच नाही, असं आजी हसत सांगायची. आजोबा त्या वेळी हसायचे नाहीत.

सॅम बेलचं तेच आहे. कंपनीला सॅम नकोय, सॅमची जागा भरलेली हवी आहे. नवा माणूस शोधा, शिकवा, चंद्रापर्यंत न्या, परत आणा, यात पैसा जातो. एकदाच शिकलेल्या माणसाच्या प्रती काढून खाली रचून ठेवल्या की गेटावर कायमची रांग. फरक इतकाच, आमच्या आजोबांना ते बदली आहेत हे माहीत होतं. सॅमला वाटतं तो कायम आहे.

म्हणून क्लोनिंगचा भाग मला दुय्यम वाटतो. क्लोन ही नुसती सोय आहे. क्लोनशिवायही ही गोष्ट घडू शकते, आणि घडलेली आहे.

एका जुन्या मागवाल्या काकांनी यावर हरकत घेतली ती नोंदवतो. ते म्हणाले, ‘सर, बदलीला संध्याकाळी रोजी मिळायची. ह्याला काय मिळतं?’ मला उत्तर सुचलं नाही.

क्लोन म्हणजे खरंच तसाच मोठा माणूस तयार होतो का?

नाही. हे पिक्चरचं स्वातंत्र्य. क्लोन जन्माला येतो तो बाळ म्हणून, पोटातून, सगळ्यांसारखा रडत.

डॉली मेंढीचंच बघा. स्कॉटलंडच्या रॉझलिन संस्थेत सहा वर्षांच्या एका मेंढीच्या कासेतली पेशी घेतली. दुसऱ्या, काळ्या तोंडाच्या जातीच्या मेंढीच्या अंड्यातलं केंद्रक काढून टाकलं आणि ही पेशी त्याच्याशी जुळवली. विजेचा हलका धक्का देऊन ते वाढीला लावलं, मग त्याच काळ्या तोंडाच्या जातीच्या तिसऱ्या मेंढीच्या गर्भाशयात. अशी २७७ अंडी तयार केली, त्यातून एक कोकरू जगलं: ५ जुलै १९९६ रोजी जन्मलेली डॉली. काळ्या तोंडाच्या मेंढीच्या पोटातून पांढऱ्या तोंडाचं कोकरू आलं, तेव्हाच दिसलं की जमलं.

आपल्याकडेही झालंय, आणि गंमत म्हणजे ‘मून’ आला त्याच वर्षी. हरियाणात कर्नालला राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था आहे. तिथे फेब्रुवारी २००९ मध्ये म्हशीचं क्लोन केलेलं पारडू जन्मलं, ते काही दिवसांतच गेलं. जूनमध्ये दुसरं झालं, त्याचं नाव गरिमा. तंत्र डॉलीचंच, पण महागड्या यंत्राऐवजी हातानं अंडं कापून करायचं. हे ऐकल्यावर आमच्यातल्या एका गोठेवाल्यानं लगेच विचारलं, ‘माझी पंढरपुरी तशी काढून मिळंल का? दूध तेवढंच देईल?’ उत्तर: वाण तोच, दूध चाऱ्यावर.

प्रयोगशाळा कशाला, क्लोन बघायचे तर मंगळवेढा किंवा सांगोल्याच्या रस्त्याला लागा. भगव्या डाळिंबाच्या बागा दिसतील. डाळिंब बी लावून करत नाहीत. बीचं झाड आईसारखं निघेल याचा भरवसा नसतो. गुटी कलम करतात. फांदीची साल गोल काढायची, ओलं शेवाळ बांधायचं, मुळं फुटली की कापून लावायचं. म्हणजे नवं झाड हे जुन्या झाडाचाच तुकडा. ओळीनं उभी असलेली शेकडो झाडं, सगळी एकाच झाडाच्या प्रती. तरी कुठलाही बागायतदार तुम्हाला सांगेल की विहिरीकडची ओळ वेगळी आणि बांधाकडची वेगळी.

यात धोकाही आहे. सगळी झाडं एकसारखी असली की रोगालाही एकच कुलूप उघडायचं असतं. डाळिंबावर तेल्या रोग आला तेव्हा बागाच्या बागा काढून टाकाव्या लागल्या. सोलापुरात केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तेल्याला दाद न देणारं वाण हा तिथला जुना ध्यास. सॅमच्या कंपनीनं तळाखाली एकाच माणसाचे शेकडो साठवले, त्यात तिला हा धोका दिसला नसावा. एका सॅमला जे सुचतं ते उद्या दुसऱ्यालाही सुचणारच!

मग आठवणी कशा आल्या त्यांच्यात?

आल्या नसत्या. पत्त्यांच्या भोकांत मोराची नक्षी असते. त्या चादरीवर कोण झोपलं हे नसतं. पिक्चर म्हणतो, मूळ सॅमच्या आठवणी निवडून, कापून-जोडून भरल्या. हे आज कोणालाही करता येत नाही. इथे डोळे मिटून मान हलवायची आणि पुढे जायचं. चांगल्या विज्ञानकथेत अशी एक थाप माफ असते, दुसरी नाही.

जुळ्यांचं उदाहरण देऊ का? एकसारखी जुळी म्हणजे निसर्गानं काढलेली प्रतच. अमेरिकेचे स्कॉट केली आणि मार्क केली हे जुळे भाऊ, दोघेही अंतराळवीर. २०१५-१६ मध्ये स्कॉट ३४० दिवस अवकाश स्थानकात राहिला, मार्क जमिनीवर. नासानं दोघांचं रक्त, डोळे, हाडं, पेशी तपासत तुलना केली. वर असताना स्कॉटच्या पुष्कळ जनुकांचं काम बदललं. परत आल्यावर सहा महिन्यांत त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त पूर्ववत झालं. त्या वेळी ‘अंतराळवीराचा डीएनए सात टक्के बदलला, आता तो जुळा राहिला नाही’ अशा बातम्या पसरल्या होत्या. साफ चूक. बदललं ते जनुकांचं चालू-बंद होणं. पत्ते तेच, माग थोडा वेगळा चालला.

तीन वर्षांत त्यांचे दात-केस का पडतात? क्लोन अल्पायुषी असतो का?

पिक्चर कारण सांगत नाही. मला वाटतं कंपनीनं बेतच तसा केलाय; करार संपतो तेव्हाच माल संपावा.

खऱ्या जगात ही भीती डॉलीमुळे पसरली. ती साडेसहा वर्षांचीच होऊन २००३ मध्ये गेली, म्हणून लोक म्हणाले, म्हाताऱ्या पेशीतून आली म्हणून लवकर म्हातारी झाली. पण तिला फुप्फुसाचा गाठीचा आजार होता, तो विषाणूमुळे होतो आणि गोठ्यातल्या मेंढ्यांना होत असतो. पुढे त्याच पेशींतून काढलेल्या तिच्या चार बहिणी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला चांगल्या म्हाताऱ्या होईपर्यंत धडधाकट राहिल्या. २०१६ मध्ये त्यांची तपासणी प्रसिद्ध झाली.

माणसाचा क्लोन झालाय का?

पुराव्यासकट एकही नाही. दावे करणारे येतात आणि जातात. २०१८ च्या सुरुवातीला चीनच्या संशोधकांनी माकडाची दोन क्लोन पिल्लं जाहीर केली, त्यापुढे कोणी अधिकृतपणे गेलेलं नाही. भारतात मूलपेशी संशोधनाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी माणसाचं क्लोनिंग निषिद्धच ठरवलंय.

दोन सॅमना एकच आधार कार्ड चालेल का?

हा प्रश्न चेष्टेत आला होता, पण उत्तर झकास आहे: चालणार नाही. बोटांचे ठसे फक्त जनुकांवर ठरत नाहीत. गर्भात वाढताना दाब, पाणी, हालचाल यांतून रेषा वळतात. म्हणून एकसारख्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात, डोळ्याच्या बुबुळाची नक्षीही वेगळी. कंपनीला दोघे एकच वाटले तरी आधारच्या मशिनला ते दोन वेगळे इसम.

हेलियम-३ हे खरंच काही असतं, की नुसती पिक्चरची गंमत?

खरं आहे. सूर्यापासून कणांचा वारा सतत वाहत असतो, त्यात हेलियम-३ असतो. पृथ्वीला चुंबकीय कवच आणि हवा आहे, म्हणून तो इथे पोचत नाही. चंद्र उघडा-बोडका. त्याच्या मातीत हा वायू कोट्यवधी वर्षं मुरत आलाय. अपोलोच्या यानांनी आणलेल्या मातीत तो सापडलाही. अपोलो १७ मधून चंद्रावर उतरलेले भूशास्त्रज्ञ हॅरिसन श्मिट यांनी पुढे हेलियम-३ च्या खाणीचा हिरिरीनं पुरस्कार केला.

लोभ कशाचा, तर ड्युटेरियम (जड हायड्रोजन) आणि हेलियम-३ यांचं मीलन केलं की प्रचंड ऊर्जा निघते आणि किरणोत्सारी कचरा फार कमी होतो. अडचणी दोन. एक, मातीत त्याचं प्रमाण अब्जात काही कण इतकंच. एक किलो मिळवायला लाखभर टन माती भाजावी लागेल. म्हणून पिक्चरमधली यंत्रं एवढी अवाढव्य आहेत, तो तपशील बरोबर आहे. दुसरी अडचण मोठी: ही भट्टी पेटवायला साध्या मीलनापेक्षाही कितीतरी जास्त तापमान लागतं, आणि अशी भट्टी आज जगात कुठेही चालत नाही. तांदूळ आणायला निघालो, चूलच नाही.

चंद्रावरची माती कंपनी अशी उचलून नेऊ शकते का? चंद्र कुणाचा?

१९६७ च्या अवकाश करारानुसार चंद्रावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येत नाही. पण खणून काढलेला माल कुणाचा, यावर करार मोघम आहे. अमेरिकेनं २०१५ मध्ये कायदा करून आपल्या कंपन्यांना काढलेल्या मालाचा हक्क दिला. चंद्रमोहिमांसाठी अमेरिकेच्या पुढाकारानं झालेल्या आर्टेमिस करारातही खनिज काढण्याला वाट ठेवलीय, आणि भारतानं त्यावर जून २०२३ मध्ये सही केलीय.

भीमेच्या काठच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. नदी कुणाची विचारलं तर सगळे म्हणतील, सरकारची. वाळूच्या ट्रकबद्दल विचारलं की सगळे दुसरीकडे बघतात.

थेट फोन बंद असतो ते खरंच शक्य आहे का?

कंपनीनं मुद्दाम खांब उभारून संदेश अडवलेत, हे पुढे कळतं. पण सॅमला संशय येत नाही याचं कारण जागा आहे. तळ चंद्राच्या पलीकडच्या बाजूला आहे. चंद्र आपल्याकडे कायम एकच तोंड करून फिरतो, त्यामुळे पाठीमागून पृथ्वी दिसतच नाही आणि रेडिओही थेट पोचत नाही. चीनचं छांग-अ ४ हे यान ३ जानेवारी २०१९ रोजी त्या बाजूला उतरलं, तेव्हा निरोप पोचवायला आधी वेगळा उपग्रह चंद्रापलीकडे नेऊन ठेवावा लागला होता. ‘उपग्रह बिघडलाय, दुरुस्ती चालू आहे’ एवढं सांगितलं की तीन वर्षं कोणीही विश्वास ठेवील. आमच्या गल्लीत नेट गेलं की आम्हीही ठेवतो.

तळाचं नाव ‘सारंग’ कसं? मराठी माणूस होता का तिथे?

नाही हो. कंपनीत कोरियाचाही भाग दाखवलाय आणि ‘सारंग’ म्हणजे कोरियन भाषेत प्रेम. पण आपल्या कानाला आधी राग आठवतो, आणि कोकणच्या माणसाला जहाजावरचा खलाशांचा म्होरक्या. एकट्या खलाशाच्या तळाला ते नाव बसतं खरं. योगायोग, पण मला आवडलेला.

चंद्रावर गुरुत्व कमी, मग आत तो आपल्यासारखा कसा चालतो?

चूक आहे. चंद्रावर ओढ पृथ्वीच्या एक षष्ठांश. बाहेरच्या दृश्यांत ते थोडं सांभाळलंय, आत सोडून दिलंय. पैसे नव्हते.

दोन सॅम एकत्र कसे घेतले? जुळा भाऊ आहे का?

सॅम रॉकवेल हा एकच नट. लंडनजवळच्या शेपर्टन स्टुडिओत सगळं शूटिंग ३३ दिवसांत उरकलं, खर्च पन्नास लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या भावानं पंचवीसेक कोटी. आधी एका सॅमचा प्रसंग घ्यायचा. मग कपडे आणि रंगभूषा बदलून दुसऱ्याचा, आणि कॅमेरा यंत्रानं हुबेहूब त्याच मार्गानं परत फिरवायचा. समोर उभा राहायला त्याच चणीचा दुसरा नट. रॉकवेलनं स्वतःचेच आधी बोललेले संवाद कानात ऐकत त्यांना उत्तरं दिली. म्हणजे तोही स्वतःच्या जागी बदली.

एका नटानं दोन माणसं उभी करणं आपल्याला नवं नाही. दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये अण्णा साळुंके राम झाले होते आणि सीताही. तिथे प्रेक्षकाला दोघं वेगळी वाटावीत ही कसरत. इथे उलटी: दोघं एकच आहेत हे माहीत असूनही वेगळी वाटावीत.

बाहेरच्या गाड्या आणि यंत्रंही संगणकावर काढलेली नाहीत, निदान मुळात नाहीत. लहान प्रतिकृती करून खोट्या चंद्रमातीवर दोरीनं ओढल्या, धूळ उडवली, आणि वरून संगणकाचा हात फिरवला. म्हणून त्यांना वजन आहे. आमच्या पडद्याला मधोमध शिवण आहे, तरी ते जाणवतं.

गर्टी चांगला की वाईट?

पहिल्या अर्ध्या तासात सगळे म्हणतात, हा दगा देणार. शांत आवाज (केव्हिन स्पेसीचा), आणि चेहऱ्याऐवजी पिवळी हसरी-रडकी तोंडं दाखवणारा छोटा पडदा. व्हॉट्सॲपवर आपण रोज पाठवतो तीच. पण तो दगा देत नाही. सॅमनं सरळ विचारलं की सरळ सांगतो. पासवर्ड हवा असतो तेव्हा गुपचूप टाकून देतो. शेवटी स्वतःची आठवण पुसायचं तोच सुचवतो, म्हणजे कंपनीला माग लागणार नाही. आयुष्यभर विकतच्या आठवणींवर जगलेल्या माणसासाठी यंत्र आपल्या खऱ्या आठवणी देऊन टाकतं. आमच्याकडच्या एका मावशी गर्टीला ‘तो मुकादम’ म्हणतात: कंपनीचा माणूस, पण माणसांत राहून माणसाळलेला.

सॅमच्या घड्याळाची घंटा कुठलं गाणं वाजवते?

चेस्नी हॉक्सचं १९९१ सालचं ‘द वन अँड ओन्ली’. शब्दांचा अर्थ साधारण ‘माझ्यासारखा मीच’. दिग्दर्शकाचा खट्याळपणा.

शेवटी नेमकं काय झालं?

तपासाला कंपनीची माणसं येणार असतात. जुना सॅम थकून मरायला टेकलाय. नव्याचा आधीचा बेत असा, की तिसरा क्लोन जागा करून त्याला मारून मोडक्या गाडीत ठेवायचं आणि जुन्याला पृथ्वीवर पाठवायचं. तो दोघांनाही करवत नाही. मग जुना सॅम स्वतःच त्या गाडीत परत जाऊन बसतो आणि नव्याला हेलियमच्या टाक्या नेणाऱ्या यानात चढवतो. निघताना नवा सॅम एका यंत्राला संदेश अडवणाऱ्या खांबावर आदळायला लावतो, म्हणजे पुढच्यांना तरी फोन लागेल. तिसरा सॅम उपचाराच्या खोलीत डोळे उघडतो. यान पृथ्वीकडे जात असताना बातम्यांचे तुकडे ऐकू येतात: कंपनीचे शेअर कोसळले, सॅमनं साक्ष दिली, आणि रेडिओवर कोणीतरी म्हणतो की हा एक तर वेडा आहे नाहीतर बेकायदा घुसलेला परदेशी, आत टाका.

ते शेवटचं वाक्य ऐकून गच्चीवर हशा पिकतो. दुसऱ्या खेपेला एक बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘आमचे सासरे तेलंगणातून इथं मागावर आले, तेव्हा त्यांना पण असंच म्हणत होते लोक.’

तो कितवा सॅम होता?

हिशोब करा. निरोपांमधली ईव्ह तीनेक वर्षांची, फोनवरची पंधराची. मधली बारा वर्षं म्हणजे तीन-तीन वर्षांच्या चार पाळ्या. म्हणजे अपघात झालेला सॅम पाचव्या पाळीचा आणि त्याला शोधणारा सहावा.

याचा पुढचा भाग आहे का?

सरळ नाही. याच दिग्दर्शकाच्या २०१८ च्या ‘म्यूट’मध्ये एका टीव्हीवर सॅम आणि त्याचे क्लोन ओझरते दिसतात. बाकी तो पिक्चर मला जमला नाही, त्यामुळे गच्चीवर लागणार नाही. ‘मून’ला मात्र २०१० चा विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, तो रास्त होता.

मुलांना आणू का?

दहावीच्या पुढची आणा. शिव्या आहेत, रक्त आहे, एकदोन दृश्यं आजी-आजोबांशेजारी बसून बघण्यासारखी नाहीत.

गच्चीवर येताना काय आणायचं?

बसायला सतरंजी, आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) दिवसांत लावला तर पांघरायला चादर. जानेवारीत नऊनंतर वारा सुटतो. फक्त चादरीवर नाव घालून आणा. गेल्या जानेवारीत दोन घरांच्या चादरी अंधारात बदलल्या. दोन्ही मोराच्या, दोन्ही एकाच दुकानातल्या, रंगही तोच. सकाळी साडेसातला मावशी चादर घेऊन दारात. म्हणाल्या, ‘ही माझी नाही.’ मी म्हटलं, मावशी, डिझाइन तेच आहे, काय फरक पडतो? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. त्यांच्या चादरीच्या कोपऱ्याला नातवानं शेंगाचटणीचं बोट पुसलंय, तो डाग धुऊनही गेलेला नाही. शेजारच्यांकडे जाऊन चादर उलगडली. डाग होता.